पुढच्या चाकाचं बेअरिंग वर्षात दुसऱ्यांदा गेलं: सांगलीतल्या एका जुन्या जीपचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी आहे विलिसच्या परवान्यावर महिंद्रानं बनवलेली सीजे-३बी जीप, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीची. आपल्याकडं जिला उंच बॉनेटची जीप म्हणतात, ती. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यामुळं इंजिन उंच झालं आणि त्याच्यासाठी बॉनेट वर उचलावं लागलं. मूळचं २.२ लिटरचं पेट्रोल इंजिन अजून तिच्यात आहे, याचं अप्रूप जास्त. तिच्या बरोबरीच्या बहुतेक जीपांना पुढं डिझेल इंजिनं बसली आणि त्या वडापला, म्हणजे सीट भरून चालणाऱ्या खासगी प्रवासी वाहतुकीला, लागून झिजून गेल्या.

मालकांना आप्पा म्हणू. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, घर हरिपूर रस्त्याला, थोडा ऊस. जीप वडिलांच्या हातची. त्यामुळं 'विकून टाका' हा सल्ला त्यांना कोणी देत नाही, आणि दिला तर ऐकून घेत नाहीत.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. घरातली माणसं निघाली, जीप शेडमध्येच राहिली. पाणी ओसरल्यावर आप्पांनी तिच्यावर बराच खर्च केला. इंजिन खोललं, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलमधलं तेल काढलं. ते चहासारखं निघालं होतं. डायनॅमो-स्टार्टरची वायंडिंगं नव्यानं भरून घेतली. ब्रेक मात्र कसेबसे लागत होते, म्हणून पुढचे ड्रम उतरवले नाहीत. या जीपला पुढचा ड्रम उतरवायचा म्हणजे हबसकटच, चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या घरासकटच, उतरतो. ड्रम राहिले तसे हबही बंद राहिले, आणि त्यांच्या आत काय झालंय हे कोणी पाहिलं नाही.

२०२० सगळं उभ्यानं गेलं. २०२१च्या जुलैत पाणी वाढतंय म्हटल्यावर आप्पांनी वेळेत जीप मिरजेला पाहुण्यांकडं नेऊन लावली, त्यामुळं दुसऱ्यांदा ती भिजली नाही. नंतर गाडी हळूहळू रस्त्यावर आली.

अडचण

२०२३मध्ये डाव्या पुढच्या चाकातून घरघर सुरू झाली. आप्पांनी एका गॅरेजात दाखवलं. बेअरिंग गेलंय असं निदान झालं आणि ते बदललंही. आवाज थांबला. वर्ष पुरं व्हायच्या आत तोच आवाज, त्याच चाकात, पहिल्यापेक्षा मोठा. आता ४०च्या पुढं गेलं की स्टिअरिंगमध्येही थरथर येत होती.

आप्पांचा सरळ निष्कर्ष असा, की बेअरिंग डुप्लिकेट मिळालं. त्यांच्या डोक्यात उपायही तयार होता: चांगल्या कंपनीचं घ्यायचं आणि बसवून टाकायचं. घाईचं कारणही होतं. पुतण्याचं लग्न ठरलं होतं आणि नवरदेवाची वरात जीपमधूनच काढायची, हे आप्पांनी सगळ्या भावकीत जाहीर करून ठेवलं होतं.

मला जुन्या गाड्यांचा नाद आहे आणि मोजमापाची चार हत्यारं घरी आहेत. काम करणारे मिस्त्री मिरजेचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. जीपवर त्यांचा हात पन्नास वर्षांचा. आमच्या दोघांचं पहिल्याच दिवशी एका गोष्टीवर एकमत झालं: वर्षात दुसऱ्यांदा बेअरिंग जातं तेव्हा दुखणं बेअरिंगात नसतं, ते त्याच्या आजूबाजूला असतं. ते सापडल्याशिवाय नवीन बसवायचं नाही. आप्पांना हे पटलं नाही, पण चाचांपुढं ते फार बोलत नाहीत.

निदान

जीपच्या पुढच्या बाजूनं येणाऱ्या आवाजाचे संशयित बरेच. आडव्या नक्षीचे टायर स्वतःच गुणगुणतात. या गाडीला फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे चाक अ‍ॅक्सलपासून सोडवता येणारे हब, नाहीत, त्यामुळं टू-व्हीलमध्ये चालतानाही पुढचे अ‍ॅक्सल, त्यांचे जॉइंट आणि पुढचं डिफरन्शिअल सतत फिरत असतं. त्यातलं काहीही वाजलं तरी ड्रायव्हरच्या कानाला ते 'चाकातून' वाटतं. स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या खिळीवर वळतं ते किंगपिन ढिलं असेल तर चाक हलतं आणि हलणारं चाक दिसलं की लोक बेअरिंग बदलतात.

टायर पहिल्यांदा वगळला. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. शंभर फुटी रस्त्यावरच्या गुळगुळीत पट्ट्यावर आणि पुढच्या उखडलेल्या भागात आम्ही जीप सारख्याच वेगानं नेली. घरघर तीच राहिली. मग मोकळ्या जागी डावी-उजवीकडं वळणं घेतली. उजवीकडं वळताना गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं, आणि तेव्हाच आवाज चढत होता. डावीकडं वळलं की जवळजवळ गप्प. बाजू पक्की झाली.

आता डिफरन्शिअल की बेअरिंग? चाचांची युक्ती सोपी होती. हबच्या तोंडावरची फ्लँज सहा बोल्टांवर असते. दोन्ही बाजूच्या फ्लँजा काढल्या की चाकं अ‍ॅक्सलपासून सुटतात आणि गाडी मागच्या चाकांवर चालते. पुढचं डिफरन्शिअल निपचित पडतं. उघड्या हबमध्ये धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी पत्र्याच्या चकत्या कापून त्याच बोल्टांनी बसवल्या आणि गल्लीतून एक फेरी मारली. आवाज कायम. म्हणजे डिफरन्शिअल आणि अ‍ॅक्सल संशयातून सुटले.

ही फेरी मारायला तासभर गेला. जीपच्या बाबतीत मला ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती न करता कितीतरी पुढची डिफरन्शिअलं विनाकारण खोलली गेली आहेत.

राहिलं किंगपिन. अ‍ॅक्सल स्टँडवर घेतला. नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली हात घालायचा नाही, हा चाचांचा नियम, आणि विटांवर गाडी ठेवणाऱ्या पोरांना ते सरळ घरी पाठवतात. चाक वर आणि खाली धरून हलवलं तर खटखट जाणवली. मग आप्पांना ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं. ब्रेक लागला की ड्रम, पर्यायानं हब, स्टब अ‍ॅक्सलला, म्हणजे तो ज्या न फिरणाऱ्या दांड्यावर बसतो त्याला, जखडतो आणि बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाहीसा होतो. तरीही जे हलतं ते किंगपिनचं. खटखट बरीचशी गेली, थोडी राहिली. म्हणजे मुख्य दोष बेअरिंगचा, किंगपिनचा थोडासा. किंगपिनचं नंतर बघू असं ठरवलं.

उघडल्यावर काय दिसलं

चाक काढतानाच पहिली अडचण आली. या जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्याचे असतात, टोकावर 'एल' अक्षर ठोकलेलं असतं. इथं चार नट उलट्या आट्याचे निघाले. पाचवा स्टड मोडून त्या जागी कोणीतरी सुलट्या आट्याचा बोल्ट वेल्ड केला होता. पंक्चरवाल्यानं नेहमीच्या दिशेनं पाइप लावून जोर केला असणार, दुसरं कारण दिसत नाही.

हबकॅप, सर्क्लिप, फ्लँज निघाली. आत दोन मोठे नट असतात. आतला प्ले सेट करणारा, बाहेरचा चेकनट, आणि मध्ये दुमडून लॉक करायचा वॉशर. नटाचं तोंड दोन इंच आणि वर एक सोळांश. त्याला पाइपसारखा खोल पाना लागतो. इथं तो वापरलेला नव्हता. दोन्ही नटांच्या कडा छन्नीनं चावल्या होत्या. लॉकवॉशर जुनाच, इतक्यांदा दुमडलेला की हातात घेताच त्याची जीभ तुटली.

छन्नी-हातोड्यानं नट फिरवला की तो किती आवळला गेला हे हाताला कळतच नाही. आणि टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरच्या, बेअरिंगचं सगळं आयुष्य त्या नटावर ठरतं.

हब ओढून काढला. पुढच्या प्रत्येक हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग, आतलं आणि बाहेरचं, दोन्ही एकाच नंबरची: कोन १८५९०, कप १८५२०. कोन म्हणजे रोलरसकट आतली रिंग, ती स्टबवर हातानं सरकते. कप म्हणजे बाहेरची रिंग, ती हबमध्ये दाबून घट्ट बसवलेली असते. कोन नवीन होते, वर्षाच्या आतलेच. कप मात्र जुने.

चाचांनी आतला कप चिंधीनं पुसून उन्हात धरला. त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर आडव्या काळ्या रेषा होत्या, सारख्या अंतरावर, पूर्ण गोलात. रोलरच्या अंतराएवढंच ते अंतर. पुराच्या पाण्यात आणि नंतर महिनोन्महिने गाडी एका जागी उभी असताना जिथं रोलर टेकला होता तिथं गंज चढला होता, आणि एकेका रोलरची जागा कपावर उमटली होती. गाडी पुन्हा चालायला लागल्यावर त्या रेषांच्या कडा निघायला लागल्या. दोन ठिकाणी तर धातूचा पापुद्रा उडून नखाएवढे खड्डे पडले होते. अशा कपात नवा कोन टाकला तर नवे रोलर पहिल्या दिवसापासून त्या खड्ड्यांवरून उड्या मारतात.

"ह्यो आवाज २०१९चा हाय, आप्पा," चाचा म्हणाले. "आत्ताचा न्हवं."

मग आणखी एक गोष्ट निघाली. आप्पांना काहीतरी आठवलं, त्यांनी सीटखालची हत्यारांची पेटी उपसली. तेलकट कागदात गुंडाळलेले दोन नवे कोरे कप तिच्यात होते. मागच्या गॅरेजनं 'उरलेलं सामान' म्हणून परत दिले होते. बेअरिंग डुप्लिकेट नव्हतं, अर्धंच बसवलं होतं. कप ठोकून काढायला वेळ लागतो, ठोकायला योग्य दांडा, ड्रिफ्ट, लागतो, आणि 'कप चांगला दिसतोय' म्हणून पुढं जायचा मोह होतो. कोन आणि कप ही जोडी आहे. एक बदलून दुसरा ठेवणं म्हणजे काम न करताच पैसे घेणं, असं माझं मत आहे.

बाहेरच्या कपाची कथा याहून वाईट निघाली. तो काढायला ठोकावाच लागला नाही, अंगठ्यानं दाबला आणि निघाला. खडबडीत बेअरिंग आणि जास्त आवळलेला नट यांनी मिळून तो कप हबमध्ये गरागरा फिरवला होता. बोअर गेजनं मोजलं, तर हबचं बोअर, म्हणजे कप बसायचं भोक, कपाच्या ७३ मिलिमीटर व्यासापेक्षा सव्वा-दीड दशांश मिलिमीटर मोठं झालं होतं, तेही सगळीकडं सारखं नाही. जो कप दाबून बसायला हवा तो डुगडुगत होता. त्यामुळं पेटीतले नवे कप असूनही आता नुसते कप घालून भागणार नव्हतं.

पर्याय

खरा निर्णय इथं घ्यायचा होता, आणि त्यावर दोन दिवस खल झाला.

चाचांचा पहिला प्रस्ताव डॉट मारायचा. हबच्या बोअरमध्ये सेंटर पंचनं सगळीकडं ठोके द्यायचे, प्रत्येक ठोक्याभोवती धातू उचलला जातो, त्यावर कप घट्ट बसतो. वडापच्या काळात ते शेकडो गाड्यांना केलं आणि गाड्या चालल्या, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. पण तो कप शंभर टोकांवर टेकलेला असतो, बाकी हवेत. ती टोकं आठवड्याभरात चेपतात आणि कप पुन्हा सुटतो. शिवाय ठोके एका बाजूला जास्त पडले की कप तिरका बसतो. वडापची गाडी रोज गॅरेजच्या दारातून जायची, सुटला तर संध्याकाळी परत ठोकायचा. आप्पांची जीप महिन्यातून चारदा निघते आणि घाटात जाते.

दुसरा पर्याय, बेअरिंग चिकटवायचं पातळ द्रावण. बोअर जरासं मोठं असेल आणि गोल असेल तर हे उत्तम काम करतं. इथं फट जास्त आणि वेडीवाकडी. मी नाही म्हटलं.

तिसरा, लेथवर बोअर मोठं करून आत स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी, घालायची आणि स्लीव्हला पुन्हा मूळ मापात बोअर करायचं. कुपवाड एमआयडीसीत हे करणारे चांगले टर्नर आहेत. एकानं हब पाहिला आणि दोन शंका काढल्या. बाहेरच्या बाजूला हबची भिंत फार जाड नाही, स्लीव्हसाठी कापल्यावर किती उरेल? आणि आतल्या-बाहेरच्या कपांचा मध्य एकाच रेषेत राहिला पाहिजे. त्यासाठी आतल्या बोअरवरून डायल गेज लावून हब सेट करायला वेळ लागणार. तो म्हणाला, "करून देतो, पण जबाबदारी घेत न्हाई." कामाची जाण असलेला माणूस असं बोलतो तेव्हा ते ऐकावं.

चौथा, दुसरा हब. नवीन मूळ हब मिळणं अवघड. पण जुन्या जीप तुटतात तेव्हा हब टिकतात, कारण पूर न आलेल्या गावांत त्यांना काही होत नाही. चाचांचे कोल्हापूरला उद्यमनगरात ओळखीचे होते.

पाचवा पर्याय आप्पांचा. आत्ता पेटीतले कप डॉट मारून बसवा, वरात काढू, मग हब बघू.

मी याला विरोध केला. नंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं की त्यात बिघडलं काय असतं? वरात चालत्या माणसाच्या वेगानं जाते, अंतर एक-दोन किलोमीटर. खरं आहे, त्या वेगात बहुतेक काही झालं नसतं. पण वरातीपर्यंत गाडी चालवत न्यायची, वरातीनंतर परत आणायची, आणि जीपमध्ये मागं दहा जण लटकलेले. शिवाय माझा अनुभव असा, की तात्पुरतं बसवलेलं काम गाडी आवाज करत नाही तोवर कायमचंच असतं. चाचा सुरुवातीला आप्पांच्या बाजूचे होते. फिरलेला कप स्वतः पुन्हा हातात घेऊन पाहिल्यावर ते माझ्याकडं आले.

वरात शेवटी सजवलेल्या ट्रॅक्टरमधून निघाली. आप्पा माझ्याशी बरेच दिवस मोजकंच बोलत होते.

केलेलं काम

उद्यमनगरातून आलेला हब ड्रमसकट होता. दोन्ही बोअर मापात, गंज नाही. पण तो उजव्या बाजूचा निघाला, म्हणजे स्टड सुलट्या आट्याचे. उलट्या आट्याचे स्टड शोधून, जुने प्रेसवर काढून नवे घालायचे, की आहे तसं ठेवायचं? आम्ही आहे तसं ठेवलं. नट निमुळत्या बैठकीचे असतील आणि नीट आवळलेले असतील तर सुलट्या आट्यानं डावं चाक सुटत नाही, हे आजच्या बहुतेक गाड्या सांगतात. पंक्चरवाल्याच्या हातून आणखी स्टड मोडण्यापेक्षा हे बरं. मात्र मागचं डावं चाक अजून उलट्या आट्याचं आहे. एकाच बाजूच्या दोन चाकांना दोन तऱ्हा. आप्पांनी मागच्या नटांना लाल रंग दिला आहे.

ड्रम दुसऱ्या गाडीचा, त्यामुळं तो लेथवर हलकासा साफ करून घेतला आणि शू त्याला घासून बसवले. जुन्या लायनरची धूळ हवेनं उडवली नाही. त्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्यानं पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये होते, आप्पांच्या सूनबाईंच्या परवानगीनं. हब उन्हात तापलेला. जुन्या कपाला एका जागी कटरनं चीर पाडून तोच ठोकायची रिंग म्हणून वापरला. चीर पाडली की तो हबमध्ये अडकून बसत नाही. सारखे, हलके ठोके. कप तळाला टेकतो तेव्हा हातोड्याचा आवाज बदलतो, बोद्या आवाजाचा एकदम टणत्कार होतो. तरीही खात्रीसाठी कपामागं फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान घालून पाहिलं. गेलं नाही.

ग्रीस लिथियमचं, तीन नंबरचं. शासीचं जुन्या पद्धतीचं कॅल्शियमचं ग्रीस चाकात चालत नाही. ब्रेकच्या उष्णतेनं ते पातळ होऊन वाहतं. चाचांनी कोन तळहातावर ग्रीसच्या गोळ्यात दाबत दाबत भरले, दुसऱ्या बाजूनं रोलरमधून ग्रीसचे सुतासारखे धागे बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी मात्र गच्च भरू दिली नाही. पूर्ण भरलेलं ग्रीस घुसळून तापतं, सील ढकलतं आणि ब्रेक शूवर येतं. पाण्याची भीती असलेले लोक नेमकं हेच करतात, हब ठासून भरतात.

सील नवीन घातलं. पण स्टबवर जिथं सीलची धार फिरते तिथं जुन्या सीलनं खाच पाडली होती. तिथूनच पाणी गेलं असणार, किमान थोडं तरी. सील हबमध्ये जवळपास दीड मिलिमीटर कमी खोल बसवलं, म्हणजे धार खाचेच्या शेजारी, कोऱ्या जागी फिरते.

नट सेट करताना मजा आली. चाचांकडं खोल पाना होता. चाक हातानं फिरवत त्यांनी आतला नट आवळला, चाक जड होईपर्यंत, म्हणजे रोलर कपात नीट बसले. मग साधारण एक षष्ठांश फेरा मागं घेतला. चाक धरून हलवलं. "झालं." मी हबवर डायल गेज लावली. "घड्याळ कशाला? हात सांगतोय की," चाचा म्हणाले. डायलनं ०.१२ मिलिमीटर प्ले दाखवला. चांगलं. मग लॉकवॉशर, चेकनट, आवळलं. पुन्हा मोजलं, तर ०.०१. जवळजवळ शून्य.

चेकनट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांमधल्या फटीएवढा आत ढकलतो. सगळा प्ले त्यात संपला होता. चाचा डायलकडं पाहत राहिले, मग काही न बोलता चेकनट सोडला, आतला नट आणखी थोडा मागं घेतला, पुन्हा आवळला. ०.०५. वॉशर दुमडला. चाचा इतकंच म्हणाले, की आयुष्यभर ते चेकनट लावायच्या आधी हलवून बघायचे, आता लावल्यावर बघतील. माझा अंदाज, मागच्या गॅरेजात कप फिरला तो याच कारणानं. छन्नीनं चेकनट मारला की प्ले शून्याच्याही खाली जातो आणि बेअरिंग तापतं.

उजवं चाकही उघडलं. तेही त्याच पुरात होतं, आवाज करत नव्हतं इतकंच. कपांवर त्याच रेषा होत्या, फिकट. बोअर शाबूत. दोन्ही जोड्या बदलल्या. आप्पा म्हणाले, "चालतंय की ते, कशाला?" त्यावर चाचांनी फक्त कप उन्हात धरला.

निकाल

पहिली फेरी मिरज आणि परत. थांबून दोन्ही हबांना हात लावून पाहिला. सारखेच कोमट. आप्पांनी कोरोनातली ताप मोजायची बंदूक आणली होती. ती माणसाच्या तापापुरतीच मोजते, त्यामुळं 'हाय' दाखवून थांबली. हात बरा. दोन हबांत फरक नाही आणि हात ठेवून राहता येतो, एवढं पुरतं.

काहीशे किलोमीटरनंतर फ्लँज काढून प्ले पुन्हा मोजला. डाव्या चाकाचा किंचित वाढला होता, उजव्याचा तसाच. नवे कप पूर्ण टेकतात तेव्हा इतकं होतंच. एकदा सेट केलं. पुढच्या पावसाळ्यातून, दंडोबाच्या चढासकट, गाडी गेली आणि आवाज आला नाही. खर्चात बेअरिंगचा वाटा सगळ्यात लहान होता. हब, लेथ आणि चाचांची मजुरी मिळून त्याच्या कितीतरी पट गेले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी २०१९लाच होती. गिअरबॉक्समधून चहासारखं तेल निघालं तेव्हाच हबही उघडायला हवे होते. पुराचं पाणी तेलाच्या टाकीत शिरतं तसंच ग्रीसमध्ये शिरतं, फक्त तिथून ते आपोआप निघत नाही. तेव्हा हब उघडून, धुऊन, ग्रीस भरून ठेवला असता तर रेषा कदाचित पडल्याच नसत्या. निदान २०२०मध्ये उभी असताना गाडी महिन्यातून एकदा दोन हात पुढं-मागं ढकलली असती तरी रोलर एकाच जागी टेकून राहिले नसते. सांगलीत आजही पुरातल्या गाड्या दुरुस्त होतात आणि यादीत इंजिन, वायरिंग, सीट असतं, हब नसतो.

दुसरी संधी मागच्या गॅरेजात. आप्पांनी 'उरलेलं सामान' घेताना विचारलं असतं की बेअरिंगच्या सेटमधलं काही उरतं कसं, तर हब वाचला असता. बाहेरचा कप तेव्हा फिरलेला नव्हता. दोन कप ठोकायच्या तासाभरासाठी हब, ड्रम आणि वरात गेली.

स्लीव्हच्या बाबतीत मी अजून थोडा साशंक आहे. कोल्हापूरला हब मिळाला नसता तर आम्ही त्या टर्नरकडंच गेलो असतो. तेव्हा बाहेरच्या बोअरसाठी पातळ स्लीव्ह, चिकटवायचं द्रावण आणि आतल्या बोअरवरून डायल लावून सेटिंग, एवढं तिन्ही मिळून मागितलं असतं, आणि जबाबदारी आमचीच हे आधी लिहून दिलं असतं.

किंगपिनचा तो थोडा प्ले अजून तसाच आहे. शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून तो बसवायचा आहे, आणि नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाकडचा भाग, उघडलीच तर आतल्या जॉइंटचं ग्रीसही बघायचं आहे. आप्पांनी चाचांना गळीत हंगाम संपल्यावरची तारीख दिली आहे, कारण तोवर त्यांना जीप शेताकडं लागते.